तारप्याचा मान

गंजाडच्या आपल्या गोल्फ-सरावाच्या मैदानाकडे कोणी फिरकेना, म्हणून तुषारने त्याची पार्टीची जागा केली. दिवे, गाणी, कोंबडीचा रस्सा आणि हाणायला टोपलीभर चेंडू. पहिल्याच संध्याकाळी मुंबईचे चाळीस पाहुणे आले आणि तारपा हे वारली वाद्य वाजवायला बोलावलेले हिरूकाका तो खाली ठेवून बसले.

"शेठ, मला या पाव्हण्यांच्या मागं, रश्शाच्या पातेल्याजवळ बसवलं. तारप्याला पाठ दाखवत नसतात."

"काका, पुढे बसवलं तर चेंडू लागतील ना!"

"मग मी वाजवत नाही."

पहिलाच कार्यक्रम फसू नये म्हणून तुषारने माइकवरून हात जोडून विनंती केली, "मंडळी, तारप्याला कोणीही पाठ दाखवू नका."



मंडळींनी मोठ्या आदराने तोंडं फिरवली, एकदम फटके मारले, आणि जेवण डहाणू रोडहून मागवावं लागलं.