मिनिटभर

"चार्जर काढून पॉवरचं बटण मिनिटभर दाबून धरा. ह्या मॉडेलला तसंच करावं लागतं," नूरीन दुसऱ्यांदा म्हणाली. लॅपटॉपची स्क्रीन सकाळपासून काळीच होती.

"तू गप," तिचा नवरा अजहर खेकसला. "बापाच्या दुकानात चार स्क्रू पिळलं म्हणून इंजिनियर झालीस व्हय? तूच कायतरी दाबलं असशील. आता हात लावायचा न्हाई." लॅपटॉप पिशवीत कोंबून तो कोरेगावातनं थेट साताऱ्याला निघाला.

अब्बांची नजर गेल्यावर लोणंदचं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान लग्न होईपर्यंत नूरीननं एकटीनं चालवलं होतं. बाकीची कामं आवरून ती भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी थापता थापताच फाटली.

तासाभरानं हणमंतचा फोन आला. तिच्या हाताखाली शिकून त्यानं साताऱ्यात स्वतःचं दुकान काढलं होतं, आणि अजून कुठं अडलं की तो तिलाच विचारायचा.

"ताई, एक लॅपटॉप आलाय. रॅम पुसून बघितली, तरी स्क्रीन काळीच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गिऱ्हाईक समोरच बसलंय, लय तापलंय. म्हणतंय, बायकोनं बिघडवला."

"झाकणावर मोराचा स्टिकर हाय का?"

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

नूरीननं पिठाचे हात पदराला पुसले.

"फोन स्पीकरवर टाक, हणमंत. आणि आवाज फुल कर."