पल्टूने पाहिलेला चंद्र

निताईबाबूंनी पल्टूची मानगूट धरली होती आणि काही केल्या ते ती सोडत नव्हते. सायकल दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानातला हवा भरायचा पंप सकाळपासून गायब होता, आणि काल संध्याकाळी पल्टूला दुकानापुढे घुटमळताना तिघांनी पाहिलं होतं. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या गल्लीत काहीही हरवलं की आधी पल्टूला धरायचे. दहापैकी आठ वेळा ते बरोबर निघायचं, हीच खरी पंचाईत होती.

"आता याला ठाण्यावरच देतो," निताईबाबू म्हणाले.

जमलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकली. ते एकाहत्तर साल होतं, नक्षलवाद्यांच्या धरपकडीचं. त्या वर्षी ठाण्यावर गेलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर घरी कधी येईल, याचा काही नेम नव्हता. पल्टूच्या तोंडचं पाणी पळालं.

समोरच्या घरातून शारदाबाई पदराला हात पुसत खाली आल्या. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे बंगाली अस्खलित बोलायच्या. सणवार मात्र सगळे आईने शिकवले तसे, मराठी पद्धतीचे.

"निताईबाबू, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमची?"

"गेल्या आठवड्यात गणपतीला पल्टू आणि त्याचे तीन दोस्त माझ्याकडे मोदक खायला आले होते. मी त्यांना गच्चीवर बसवलं आणि चंद्राकडे बघू नका, हे सांगायचंच विसरले. गणेशचतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो. आमच्यात शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं."

निताईबाबूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आमच्यात त्याला नष्टचंद्र म्हणतात," ते सावकाश म्हणाले. "आई त्या दिवशी खिडक्या लावून घ्यायची."

"मग झालं तर." शारदाबाईंनी गल्लीतल्या क्लबच्या ओट्यावर बसलेल्या त्या तिघा दोस्तांना हाक मारली. "इकडे या रे. तुम्हीही पाहिलात ना चंद्र? आज पल्टूवर आळ आलाय, उद्या तुमच्यावर येईल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने मान डोलावली, आणि ती पाहून दुसऱ्या दोघांनी.

"हा आळ खुद्द कृष्णावर आला होता," शारदाबाई म्हणाल्या. "सत्राजिताचा स्यमंतक मणी नाहीसा झाला आणि सगळी द्वारका कृष्णाला चोर म्हणायला लागली. तो रडला नाही, शपथा घेत बसला नाही. रानात गेला, मणी शोधला आणि ज्याचा त्याला आणून दिला. तेव्हा कुठे आळ गेला. दिवेलागणीपर्यंत चौघांनी मिळून पंप शोधून आणायचा."

"आणि नाही आणला तर?" निताईबाबूंनी विचारलं.

"तर मी स्वतः तुमच्याबरोबर ठाण्यावर येईन."

 पल्टूवर शारदाबाईंची माया होती. पाच मोदक खाऊन सहावा बहिणीसाठी खिशात लपवणारा मुलगा वाईट असूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचे यजमान दिनकरराव म्हणायचे, यालाच चोरी म्हणतात.

निताईबाबूंनी मानगूट सोडली आणि चौघं गल्लीबाहेर पळाले.

दुपारभर शारदाबाई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या. निवडून झाले, तेच पुन्हा निवडले.

"पोरं एव्हाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डमडम गाठून बसली असतील," दिनकरराव म्हणाले. शारदाबाईंनी तांदूळ तिसऱ्यांदा सुपात ओतले.

दिवे लागायच्या आत चौघं परत आले. पुढे पल्टू, कमरेपर्यंत चिखलाने भरलेला, खांद्यावर पंप. तळ्यातल्या जलपर्णीखाली सापडला म्हणे. नेमकं कुठे शोधायचं हे पल्टूलाच सुचलं, असं तिघांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

निताईबाबूंनी पंप उलटासुलटा करून पाहिला. "वॉशर भिजलाय. गेला हा कामातून."

"पुसून तेल दिलं की चालेल," पल्टू म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलत होता.

शारदाबाई तोवर खाली आल्या होत्या. "मणी मिळाल्यावर सत्राजिताला इतकी लाज वाटली," त्या म्हणाल्या, "की त्याने आपली मुलगी कृष्णाला देऊन टाकली."

"मला मुलगी नाही," निताईबाबू घाईघाईने म्हणाले.

"दुकान तर आहे. आणि हाताखाली माणूस नाही."

 निताईबाबूंनी पंप पल्टूच्या हातात दिला. "आत फळीवर तेलाचा डबा आहे. वॉशर काढून नीट पूस. उद्या सात वाजता यायचं, सव्वासातला नाही."

पल्टू आत गेला. बाकीचे तिघं त्याच्या मागोमाग दारात जाऊन उभे राहिले आणि वॉशर कसा काढायचा ते एकदमच सांगायला लागले. शारदाबाईंचे डोळे भरून आले. त्या घराकडे वळल्या.

"बौदी," म्हणजे वहिनी, अशी निताईबाबूंनी हळूच हाक मारली. "चतुर्थीला मीही आलो होतो तुमच्याकडे आरतीला."

"हो, आला होतात."

"दुपारपासून धो धो पाऊस लागला होता. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं."

शारदाबाई परत फिरल्या. "मग सकाळी का नाही बोललात?"

निताईबाबूंनी दुकानात वाकून पाहिलं. पल्टू मान खाली घालून पंप पुसत होता.

"चारचौघांसमोर मूठ आवळली गेली होती, बौदी," ते म्हणाले. "ती सोडवायला कुणीतरी यायला हवं होतं."