वाकायचं नाही

बायको चहा घेऊन परसात आली, तेव्हा मिरचीच्या वाफ्यापलीकडे नवऱ्याचं नुसतं डोकं दिसत होतं. डोकं मजेत शीळ घालत होतं.

"अहो! काल तर कमरेइतकाच होता खड्डा!"

"काल मान दुखत होती. खाली बघावं लागायचं ना," तो म्हणाला. "आता बघ, पान न् पान डोळ्यांसमोर."

डॉक्टरांनी बजावलं होतं, बागकाम खुशाल करा, पण कमरेत वाकायचं नाही. दुसरा कोणी असता तर त्याने वाफा उंच बांधला असता. हा गडी स्वतःच खाली गेला. वाफ्याला लागून चर खणला आणि त्यात उभा राहून तण काढू लागला. पहिल्या दिवशी त्याला गुडघाभर मातीत पाहून ती पोट धरून हसली होती. चार दिवसांत त्याने पाठीचा पट्टा खुंटीला टांगला, तेव्हा तिला कौतुकही वाटलं होतं.

आज तिला हसू येईना.

"एवढं खणताना पाठ नाही वाकली?"

"खणतोय कोण? दोन दिवस फावड्याला हात लावलेला नाही. नुसता उभा राहतो. माती आपणहून वाट देते."

"चढायचं स्टूल कुठंय?"

"दिलं वर काढून. अडचण व्हायची त्याची."

तिने कप खाली ठेवला. गुडघे टेकले, त्याचे दोन्ही हात धरले आणि होता नव्हता तो जोर लावला. तो तसूभरही हलला नाही. जणू खालूनही कुणीतरी धरून ठेवलं होतं. तिला भीती वाटली. पुढच्या दारी जाऊन शेजाऱ्यांना हाक मारावी, तर तेवढा वेळही त्याला एकटं सोडवेना.

"वर या हो. माझ्यासाठी या."

"सोड, सोड. कंबर धरेल तुझी."

धरलीच होती. पाठीतून अशी कळ गेली, की तिचे डोळे पाण्याने भरले.

त्याने तिच्याकडे मायेने पाहिलं. चेहऱ्यावर दुखण्याची एक रेष नव्हती. इतका ताजातवाना तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"अगं, रडतेस काय? तूच ये ना खाली. सकाळपासून माझ्या शेजारी तुझीही जागा होतेय. जरा कमी खोल आहे, बघ."

डोळे पुसत तिने वाकून पाहिलं. माप अगदी बरोबर होतं.