हळदीचा पाला

हिरीबाईच्या शब्दावर यंदा सोमलानं मुकादमाला नाही म्हटलं. अख्खा तांडा ऊसतोडीला गेला, हे दोघं नवराबायको मागे राहिले. पावसाळ्यात ती गावातल्या सुकेशनीताईकडून परसबाग शिकली होती आणि तिनं हळदीचा एक वाफा लावला होता. शेणखत, जीवामृत, पाल्याचं आच्छादन, सगळं सांगितलं तसंच केलं. तरी माघात हळद पिवळी पडू लागली. सोमला उठायच्या आत ती पिवळी पानं तोडून खताच्या खड्ड्यात दडपायची, वर आणखी जीवामृत ओतायची. पानं पिवळी होतच राहिली. एका सकाळी सगळा वाफाच वाळून आडवा झालेला दिसला, तशी ती सुकेशनीच्या दारात धावली.

"ताई, हळद मेली! आता ह्यायले काय तोंड दाखवू मी?"

सुकेशनीनं येऊन एक झाड उपटलं. मातीसकट कंदांचा गड्डा वर आला. तिनं एक कंद मोडला, आत पिवळाधमक.

"मेली नाही, तयार झाली. काढायले आली की पाला असाच वाळते. एवढं कसं माहीत नाही तुले?"

हिरीबाईनं तो मोडलेला कंद हातात घेतला.

"आमी दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ट्रकात बसतो ना ताई, तवा हळद हिरवीच रायते."