सहा वाजून दहा मिनिटं

"अरे भोपळ्या, तुझा तर पडवळ झालाय!" दार उघडल्या उघडल्या आई म्हणाली.

"डाएट करतोय," मुलगा म्हणाला. खोटं बोलायचं तर रेटून बोलावं, म्हणून त्याने पुढे जोडलं, "साखर बंद. तीन महिने झाले."

खरं एवढंच होतं की या तीन महिन्यांत त्याच्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला होता, तो तुकडा तपासायला गेला होता, आणि शेवटचा निकालही चांगला आल्यावरच त्याने आईकडे यायचं तिकीट काढलं होतं. आईला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. एकटी राहते, वय झालंय, उगाच जिवाला घोर लागेल, असं आपलं त्याचं म्हणणं. तिला सांगताना आपलाच धीर सुटेल, ही भीती त्याहून मोठी होती.

आईने त्याला नेऊन बसवलं ते थेट कॉम्प्युटरसमोर. त्यावर विंडोजऐवजी असलेलं, फुकट मिळणारं लिनक्स त्यानेच घालून दिलेलं. ठिकठिकाणची हौशी माणसं मिळून ते चालवतात, त्यांतला तो एक. बाहेरच्यांनी केलेले प्रोग्राम उघडायचे, या लिनक्सवर चालतील असे बेतायचे आणि एक बटण दाबलं की कॉम्प्युटरवर बसतील असं पॅकेज बांधून पाठवायचं, हे त्याचं काम. असे चाळीस प्रोग्राम त्याने अंगावर घेतले होते. प्रत्येक पॅकेजबरोबर एक ओळ जाते: काय बदललं, कोणी बांधलं, किती वाजता. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. आई वाचायची.

"हे बघ, आज सकाळचं. तू तर गाडीत होतास ना?"

"गाडीत बसूनच केलं," तो म्हणाला.

केलं होतं ते त्याच्या घरच्या कॉम्प्युटरने. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्याने हा उद्योग करून ठेवला होता. कुठे नवीन आवृत्ती आली का ते रोज पाहायचं, ती आणायची, तपासायची, बांधायची, पाठवायची, सगळं आपोआप. आपल्यामुळे लोक खोळंबू नयेत, हा हेतू चांगलाच. पण पाठवणाऱ्याच्या जागी नाव त्याचंच जात होतं. आणि इस्पितळात असताना आई फोनवर "बरा आहेस ना?" विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, "रोज माझं नाव येतंय ना? मग!" त्या "मग"ची त्याला अजून लाज वाटत होती.

आईने ड्रॉवरमधून एक वही काढली. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. तारीख आणि वेळ, एवढंच लिहिलेलं. पहिल्या पानांवर वेळांचा नुसता गोंधळ होता: सकाळी अकरा, दुपारी तीन, मध्ये दोन दिवस काहीच नाही, मग एका तासात तीनदा.

"हे तीनदा म्हणजे आधी तू चूक केलीस, मग ती निस्तरताना दुसरी," आई म्हणाली. "मला इतकं बरं वाटायचं! म्हटलं, आहे आमचा धांदरट जागेवर."

तिने पान उलटलं. सहा दहा. सहा दहा. सहा दहा. वरपासून खालपर्यंत तेच.

"जन्मात कधी सहाला उठलायस? शाळेत असताना तोंडावर पाणी मारावं लागायचं तुझ्या. आणि इतकी सरळ रेघ? अरे, जिवंत माणसाचा नाडी-तापाचा तक्ता असा नसतो. थोडं वर, थोडं खाली, हे चालायचंच. पहिल्या आठवड्यातच मला कळलं, हा तू नाहीस."

"ते आपोआप होतं आई. मीच तसं करून ठेवलंय. हल्ली सगळेच करतात. कामाचा व्याप इतका असतो की—"

"मला नको शेंड्या लावूस. जिना चढताना पोटावर हात धरला होतास, खिडकीतून बघितलं मी. कसलं ऑपरेशन?"

त्याने खुर्ची आईकडे वळवली.

"आतड्याचं. गाठ होती. साधी निघाली. परवाच शेवटचा रिपोर्ट आला." आणि मग, जे त्याने डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं, ते आलंच तोंडातून. "फार घाबरलो होतो गं."

"साधी," आई स्वतःशी म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. तिने वही मिटून छातीशी धरली. तीन महिने तीही एकटीच घाबरत होती.

"मी नाही हे कळलं होतं, तर पुढे लिहीत कशाला राहिलीस?"

"कधी ना कधी वेळ चुकेल आणि तो तू असशील, म्हणून."

त्याने विचारलं, "मग सरळ विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. मग बरं व्हायचं सोडून ते खोटं सांभाळत बसला असतास. आजारी माणसाला एवढं काम सांगू नये."

आईने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"चल, शर्ट वर कर. टाके कसे घातलेत बघू दे."

चाळिशी उलटलेल्या त्या माणसाने मुकाट्याने शर्ट वर केला. आई पुढे वाकली, पण तिने लगेच हात लावला नाही. हात गार होते, म्हणून ती आधी तळव्यावर तळवा चोळत बसली.