तिसरी ओळ

“कुंडी,” बाई दारातूनच म्हणाल्या.

सभागृहातली सतरा माणसं गाता गाता थांबली. गायनवृंद उभा करणाऱ्या बाई तीन महिन्यांनी तालमीला आल्या होत्या, उजवा पाय जरा ओढत, नवऱ्याचा हात धरून. त्यांच्या नवऱ्याला सगळे काका म्हणत. काकांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, “नमस्कार म्हणतेय ती. डोकं पहिल्यासारखंच लख्ख आहे. फक्त बोलायला गेली की एवढा एकच शब्द बाहेर पडतो.”

अर्धांगाचा झटका आला तेव्हा बाई गच्चीवर एका कुंडीच्या काठावर निळी फुलं रंगवत होत्या. “कुंडी धरा जरा,” एवढं काकांना म्हणाल्या आणि कलंडल्या. त्यातला पहिला शब्द जिभेवर राहिला, बाकीची भाषा गेली. पाणी हवं, कुंडी. पुरे, कुंडी. बोलणं शिकवायला येणारी मुलगी किल्लीचं चित्र दाखवायची, घोड्याचं दाखवायची, उत्तर तेच. शेवटी तिनं कुंडीचंच चित्र समोर धरलं, तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या.

उजवा हात चालेना, तसा बाईंनी ब्रश डाव्या हातात घेतला. पाकळ्या चौकोनी येऊ लागल्या. चौकोनी तर चौकोनी, म्हणून त्यांनी पुढची कुंडी ओढली. झारीही डाव्याच हातानं धरली. एक गोष्ट मात्र तीन महिन्यांत केली नव्हती. त्या गायल्या नव्हत्या. काकांनी एकदा विषय काढला, तर तोंड फिरवून बसल्या. तिथंही तोच शब्द निघाला तर?

येत्या रविवारी नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला वृंद गाणार होता. बाईंच्या जागी आता औषधाच्या दुकानातल्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी लगबगीनं खुर्ची पुढे केली.

“बसा ना बाई. आम्ही गातो, तुम्ही नुसतं ऐका.”

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, तिला वळसा घातला आणि सरळ वहिनींच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

वहिनींनी काकांना बाजूला घेतलं. “काका, रागावू नका. पण कुणाचं चुकलं तर त्या सांगणार कशा? हसं होईल हो त्यांचं. आपल्यालाच बघवणार नाही.”

“मी घरी हेच म्हटलं,” काका म्हणाले. “तर ही चपला घालून दारात उभी. मी आलो नसतो तर एकटी आली असती.”

बाईंनी डावा हात वर केला. इतक्या वर्षांची सवय. सतरा जणांनी आपोआप श्वास घेतला.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी आली, “पल्याड नदीच्या पाऊस पडतो, अल्याड भिजते कोण.” ‘कोण’वर सूर वर चढायचा होता. मागच्या रांगेत कुणीतरी खालीच राहिलं.

“कुंडी!” बाई कडाडल्या.

पुढच्या रांगेतून हसू फुटलं आणि खोकल्यात दडपलं गेलं. बाई हसू संपेपर्यंत शांत उभ्या राहिल्या. मग बोट वर करून पुन्हा म्हणाल्या, “कुंडी. कुंडी, कुंडी!”

“लवकर उचलायचं का?” वहिनींनी विचारलं. बाईंनी मान हलवली, नाही.

“मोठ्यानं?”

नाही.

मागच्या रांगेतला बस कंडक्टर पुढे आला. ‘पुढे सरका’ ओरडून ओरडून कमावलेला त्याचा आवाज, पण मनानं माणूस सरळ. “बाई, चूक माझीच ना?”

बाईंनी जोरजोरात मान डोलावली.

“त्याला सांगून सांगून मी थकले,” वहिनी म्हणाल्या. “पालथ्या घड्यावर पाणी.”

“चुकतंय ते मला कळतं हो,” कंडक्टर म्हणाला. “कुठं चुकतंय ते कळत नाही. बाई, दाखवा ना एकदा.”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. काका जागचे हलले, पण बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे त्यांना दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला, चार मात्रा जाऊ दिल्या आणि सूर लावला.

“पल्याड नदीच्या पाऊस पडतो, अल्याड भिजते कोण.”

शब्दन् शब्द स्वच्छ. आवाज थोडा खरखरीत, पण ‘कोण’ जिथं चढायला हवा तिथं जाऊन थांबला.

बाईंनी डोळे उघडले. स्वतःचे ओठ त्यांनी बोटांनी चाचपून पाहिले. मग तीच ओळ पुन्हा गायली, या वेळी डोळे उघडे ठेवून, काकांकडे बघत. काकांनी चष्मा काढला, पुसायला रुमाल सापडेना, तसाच हातात धरून उभे राहिले.

वहिनींनी धावत येऊन बाईंचा हात धरला. “बाई, तुम्ही बोललात! अहो, सगळी ओळ बोललात!”

“कुंडी,” बाई म्हणाल्या. ते ‘असू दे, नंतर बघू’ असं होतं, हे आता कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हात सोडवून घेऊन त्यांनी कंडक्टरकडे बोट केलं.

कंडक्टरनं बाहीला डोळे पुसले आणि ओळ म्हटली. पुढच्या रांगेत हुंदके चालले होते. बाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली. कंडक्टर अजून अर्धा सूर खालीच होता.

त्यांनी हात वर केला. पुन्हा.