तिसऱ्या मजल्यावरची टोपली

प्रभुलिंग अप्पांचं प्रकाशन राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि कुबड्या घेऊन तो उभा जिना सुष्मिताला जमत नाही. म्हणून ती खाली आपल्या तीनचाकी स्कूटरवर बसते आणि अप्पा दूध-भाजीची टोपली दोरीनं खिडकीतून सोडतात. तिची कादंबरी अशीच वर गेली होती. आज ती खाली आली.

"पोरी, एक नंबर लिवलीयास!" अप्पा खिडकीतून एवढ्यानं ओरडले, की समोरच्या चहावाल्यानंही मान वर केली. "तुजी ती पोरगी कुबडीनं राक्षस लोळवती म्हंजे काय खायचं काम हाय? पर शेवट बदल."

"का? काय झालं शेवटाला?"

"एवढी लढली आन् पाय तसाच? डोंगरावरच्या देवीनं पाय बरा करू दे की. पोरास्नी गोड शेवट लागतो."

"पाय बरा झाल्याबिगर गोड हुईत न्हाय व्हय, अप्पा?"

"वाद नको. लिव."

सुष्मितानं शेवटचं पान मांडीवर घेतलं, तिथंच चार ओळी लिहिल्या, पान टोपलीत टाकलं आणि दोरीला हिसका दिला. अप्पांनी टोपली वर ओढून घेतली, चष्मा चढवला आणि ते वाचायला लागले.

'नऊशे पायऱ्यांच्या टोकावरून देवी म्हणाली, "ये पोरी, वर ये. तुझा पाय बरा करते."

पायथ्याशी उभी असलेली पोरगी म्हणाली, "पाय हाय तसा ऱ्हाऊ दे. भेटायचं आसंल तर तू खाली ये."'